कूलरपुढची जागा

फॉर्मवर एक रकाना होता : हॉटेलातच का?
तो मी कोरा सोडला होता.
पाचपावलीहून सायकल ढकलत येताना
चार-पाच उत्तरं जुळवली होती,
गोळीबार चौकापर्यंत सगळी घामात विरघळली.

ट्रस्टचं ऑफिस म्हणजे इतवारीत
मसाल्याच्या दुकानावरची एक खोली.
खालून मिरचीचा ठसका, वर करकरता पंखा,
टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा
आणि डब्यामागं झिंगरूजी हेडाऊ.
अडतीस वर्षं सदरच्या एका हॉटेलात वेटर.
बशीखाली ठेवलेली चिल्लर
त्यांनी म्हणे कधी घरी खर्चली नाही.
"पगार लेकराईचा," ते म्हणाले,
"टीप पाव्हण्याची. ते पाव्हण्याच्याच कामी याले पायजे."
मला काही कळलं नाही. मी मान हलवली.

शेजारचे मास्तर गुणपत्रिका बघत होते.
बारावी, एकोणपन्नास टक्के. इंग्रजी काठावर.
त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला,
तेव्हाच मी उठायची तयारी केली होती.

"थांब न वं," झिंगरूजी म्हणाले.
"तुह्या घरी पाव्हणा आला, त कुठी बसवतं त्याले?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
"कूलरपुढं," मी म्हटलं.
"एकच खोली आहे. आधी तिथं बाबांचा माग होता.
खाट भिंतीला उभी करतो, सतरंजी टाकतो,
पाव्हण्याले कूलरपुढं बसवतो.
आमी बाजूनं सरकतो."
"अन् लाइट गेली त?"
"पुठ्ठ्यानं वारा घालतो."
"कोण?"
"माहाच नंबर असते."

मास्तरांनी चष्मा परत घातला.
अठरा हजार पाचशे, तीन हप्त्यांत.
काळ्या बुटांचे वेगळे.
परतफेड नाही, फक्त अट :
महिन्याला एक पोस्टकार्ड, काय शिकलीस त्याचं.

जुलै. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडतात.
ऑगस्ट. दार तीनदा वाजवायचं, हुद्दा सांगायचा, मग थांबायचं.
किती थांबायचं ते कोणी सांगत नाही.
सप्टेंबर. बूट चावतात.
ऑक्टोबर. मॅडम म्हणाल्या, तू सॉरी फार म्हणतेस.
नोव्हेंबर. आरशावरचा डाग वाकून, बाजूनं बघायचा,
समोरून आपणच दिसतो.
डिसेंबरचं राहून गेलं. बाबांना मेडिकलमध्ये ठेवलं होतं.
जानेवारीत त्याबद्दल झिंगरूजींनी विचारलं नाही,
फक्त हप्ता आठ दिवस आधी आला.

मार्चमध्ये वर्धा रोडवरच्या हॉटेलात लागले.
खोली चारशे बारा. पाहुणा पहाटेच गेलेला.
एसी तसाच चालू, पलंग आमच्या खोलीएवढा,
आणि पाण्याच्या ग्लासाखाली
पन्नासची नोट, नीट घडी केलेली.
माझं नाव त्याला माहीत नव्हतं.
मी त्याचा चेहरा पाहिला नव्हता.
तरी कोणीतरी जाताना वळून
"येतो बरं" म्हटल्यासारखं झालं
आणि मी रिकाम्या खोलीत "या" म्हणाले.

ती नोट डब्यात टाकायला न्यायची ठरवली होती.
खरंच ठरवली होती.
पण एप्रिल लागला, पारा चव्वेचाळीसवर,
आमच्या कूलरच्या ताट्या पार कुजलेल्या.
बाबांना दुपारी धाप लागायची.
त्यात थोडे घालून गवताच्या नव्या ताट्या आणल्या.
आणि कार्डावर लिहिलं तसंच, खरं :
पहिली टीप पाठवत नाही. ताट्या बदलल्या.
सॉरी लिहून खोडलं.

उत्तर पाचव्या दिवशी आलं,
थरथरत्या अक्षरात, शाई फुटलेली :

"ताट्या नव्या हायेत, त मीच येतो.
ऐतवारी, दुपारी. तर्री कमी ठेवजो,
दात नाही राह्यले.
अन् लाइट गेली,
त नंबर तुहाच हाय, ध्यानात ठेव."

आज रविवार आहे.
आईनं सकाळीच खाट उभी करून ठेवलीय.
बाबा कधीचे कडेला सरकून बसलेत.
ओल्या गवताचा वास खोलीभर सुटलाय
आणि मी दाराशी उभी आहे.